गोधडीच्या बॉर्डरची झालर झालीये, उसवू की तशीच रेटू?

निळी रीळ
नमस्कार मंडळी,
एरवी मी वाचनमात्र असते, आता अडलंय म्हणून चर्चेचा धागा काढतेय. पॅचवर्कची मोठी गोधडी चालू आहे. नऊ इंची चौकोनी ठोकळे टोकावर उभे, म्हणजे तिरके लावलेत, आडवे चार आणि उभे पाच, मधल्या जागांत साधे ठोकळे, कडेला त्रिकोण आणि त्याच्या बाहेर साडेपाच इंचाची एकच बॉर्डर. अस्तर, कॉटनचं बॅटिंग (मधला भरावाचा थर) आणि वरचा थर असं तिन्ही एकत्र टाचून मधल्या ठोकळ्यांचं क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थरांतून जाणारी शिलाई, मशीनवर करून झालंय, चांगलं दाट. त्रिकोण आणि बॉर्डर अजून मोकळे आहेत, नुसत्या सेफ्टी पिना लावल्यात.
जमिनीवर पसरली तर मधला भाग अगदी सपाट बसतो आणि वरची-खालची बॉर्डर मात्र उचलली जाते. हाताने एका जागी दाबली की लाट पुढे सरकते, तिथे दाबली की आणखी पुढे, आणि शेवटी कोपऱ्यात जाऊन उभी राहते. डावी-उजवी बाजू त्या मानाने बरी आहे.
तर उसवू का? की बॉर्डरवर दाट क्विल्टिंग करून झोल मारून टाकू? की बाइंडिंग (अगदी बाहेरच्या कडेला शिवायची पट्टी) जरा खेचून लावलं की बसेल? उसवायचं जिवावर आलंय हे आधीच सांगून ठेवते.

कात्रीवाली
उसव.

ठिगळ
कात्रीवाली, अगं काहीतरी प्रस्तावना कर, नवीन माणूस आहे, घाबरेल ना.

कात्रीवाली
बरं. प्रस्तावना: तू इथल्या सगळ्यांचे उपाय करून बघशील आणि शेवटी उसवशील. आता उसव.

सूतभर
निळी रीळ, कात्रीवालीचं उत्तर बरोबर असेलही पण त्याआधी एक विचारू दे. बॉर्डरच्या पट्ट्या कापताना माप कुठे घेतलं होतंस? बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच असतो. लोक लांबलचक पट्टी घेतात, कडेला लावून शिवत सुटतात आणि शेवटी उरलेलं कातरून टाकतात. शिवता शिवता पट्टी किती खाल्ली गेली हे कोणालाच कळत नाही, साठ इंचाच्या कडेला साडेएकसष्ट इंच पट्टी सहज मावते, टाका पण छान दिसतो, आणि मग तो दीड इंच जाणार कुठे? वर उठणार.
माप घ्यायचं ते गोधडीच्या पोटातून. मधोमध एक, आणि दोन्ही कडांपासून थोडं आत एकेक. तिन्हींची सरासरी काढायची आणि समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापायच्या, दोन्ही एकमेकींवर ठेवून. मग पट्टीचा मध्य आणि कडेचा मध्य जुळवून टाचणी, मग दोन टोकं, मग चौथाई, मग मधल्या जागा भरत जायच्या. दोन बाजू लावून इस्त्री झाली की उरलेल्या दोन बाजूंचं माप परत घ्यायचं, लावलेल्या बॉर्डरसकट.
तिन्ही मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर मात्र पट्टी कापायच्या आधी थांबायचं, कारण मग रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होतं. दोष आतल्या शिवणीत असतो आणि आपण बॉर्डरला झोडपत बसतो.

मशीनमास्तर
सूतभरच्या प्रतिसादात एक भर घालतो. मशीनचे खालचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात. वरच्या कापडावर फूट, म्हणजे सुईजवळचा दाबपाय, नुसता दाबून बसलेला असतो, तो घासतो, म्हणून वरचं कापड मागे रेंगाळतं. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या टाचण्या न लावता शिवून बघा, शेवटी वरची पट्टी थोडी उरलेली दिसेल. म्हणून जे कापड लांब आहे, जिरवायचं आहे, ते खाली दात्यांकडे ठेवायचं, दाते ते आपोआप गोळा करून घेतात. बॉर्डर खाली ठेवून मापाशिवाय शिवली तर दाते आणखी बॉर्डर आत भरतात, झोल वाढतो.
वॉकिंग फूट असेल तर तो लावा, त्याला वरूनही दाते असतात त्यामुळे दोन्ही थर बरोबरीने चालतात. नसेल तर फूटचा दाब कमी करा, बऱ्याच मशीनला त्यासाठी वर स्क्रू किंवा चकती असते, लोक आयुष्यभर तिला हात लावत नाहीत.

धावदोरा
म्हणून मी सगळं हातानेच शिवते. हाताला दाते नसतात.

मशीनमास्तर
हाताला मूड असतो ना ताई. एक दिवस टाके घट्ट, दुसऱ्या दिवशी सैल.

धावदोरा
हे मात्र खरं आहे, गप्प बसते. (बसणार नाहीये.)

झोलाछाप
आयडी बघून हसू नका, माझं मत गंभीर आहे. बॉर्डरच लावू नये. ठोकळे संपले की थेट बाइंडिंग. बॉर्डर नाही, लाट नाही, धागा नाही.

ठिगळ
आणि गोधडी पांघरायला अपुरी, पाय बाहेर. उत्तम तोडगा.

निळी रीळ
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.
सूतभर, माप घेतलं होतं हो, पट्टी लावून कातरली नाही. पण घेतलं ते कडेवरूनच, टेप कडेला लावून. चारही बाजूंना तसंच केलं. पट्ट्या चारही उभ्या कापडाच्या आहेत, काठाला समांतर कापलेल्या, कुठेही जोड नाही. आधी डावी-उजवी लावली, मग वरची-खालची. वॉकिंग फूट नाहीये, टाचण्या मात्र भरपूर लावल्या होत्या, आणि बॉर्डर वरच होती, खाली नाही.

सूतभर
कडेवरून म्हणजे ताणलेल्या कडेचं माप घेतलंस. कड जेवढी ताणली गेली होती तेवढीच पट्टी तू बरोबर मोजून कापलीस, म्हणजे ताण कायमचा शिवून टाकला.
पण तरी मला वरची-खालचीच का, हे कळत नाहीये. चारही बाजूंना एकच पद्धत वापरलीस तर चारही उठायला हव्यात. आकडे दे. मधोमध आडवी रुंदी, वरच्या कडेची, खालच्या कडेची. तसंच उभं माप मधोमध आणि दोन्ही बाजूंना. आणि बॉर्डर जिथे त्रिकोणांना जोडली आहे त्या शिवणीवरचं माप वेगळं. जमिनीवर पसर, हाताने ताणू नको, टेप नुसता ठेव.

इस्त्रीवाला
तोवर मी माझं पालुपद वाजवून घेतो. पॅचवर्कवर इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची असते. उचल, ठेव, उचल, ठेव. शर्टासारखी सरसर ओढली की तिरक्या धाग्यावरचं कापड लांबतं, वरून वाफ असेल तर बघायलाच नको. आणि कापायच्या आधी कापडाला स्टार्च करून घ्या, कडक कापड ताणलं जात नाही, ठोकळे पण अचूक येतात. माझं बोलणं कोणी ऐकत नाही तरी दर धाग्यावर लिहितो.

टाचणी
ऐकतो हो दादा, आम्ही आता झोपेत पण उचल-ठेव करतो.

ठिगळ
माझा उपाय कोणाला आवडणार नाही पण लिहिते. बॉर्डरला जिथे सगळ्यात जास्त फुगा आहे तिथे आडवी चिमूट घ्यायची, ब्लाऊजला टक्स घालतो तशी, आतून शिवायची आणि वरून एखादं पान किंवा फूल अॅप्लिक करून झाकून टाकायचं. दोन-तीन ठिकाणी केलं की कोणाला शंका पण येत नाही, उलट डिझाइन वाटतं.

कात्रीवाली
अरे देवा.

सूतभर
ठिगळ, हा उपाय जमतो, नाही असं नाही, पण सगळं क्विल्टिंग झालेलं असेल आणि दुसरा काही मार्गच नसेल तेव्हा. इथे बॉर्डर अजून मोकळी आहे. आणि चिमूट घेतल्यावर पट्टीची कड तिथे किंचित मोडते, पट्ट्यापट्ट्यांचं कापड असेल तर लगेच डोळ्यात येतं.

ठिगळ
म्हटलं होतं ना आवडणार नाही. ज्याची गोधडी त्याची चिमूट.

गणितकाका
अवांतर होईल, पण राहवत नाही. कड आतल्या भागाच्या मानाने लांब झाली की कापड सपाट राहूच शकत नाही, ते लाटांतच उभं राहतं. भूमितीत अशा पृष्ठभागाला ऋण वक्रता असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 साली हा पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला, दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचं, की कड भराभर लांबते आणि आपोआप घड्या पडतात. विद्यार्थ्यांना हातात धरून बघता यावं म्हणून केलं होतं. त्याआधी लोक कागदाच्या पट्ट्या चिकटवून मॉडेल करायचे, ती फाटायची.
याच्या उलट म्हणजे कड आखूड झाली तर मधला भाग टोपीसारखा फुगतो. त्यामुळे निळी रीळ यांनी बाइंडिंग खेचून लावायचं जे म्हटलंय ते करू नये. बाइंडिंग फक्त अगदी बाहेरच्या रेषेवर काम करतं. तिथे कड आवळली जाईल आणि फुगा साडेपाच इंचाच्या पट्टीत अडकून बसेल, वर कडा आतल्या बाजूला वळेल.

झोलाछाप
म्हणजे त्या बाईंनी मुद्दाम केलं ते आम्ही फुकटात करतो.

वाचनखूण
काका, पुढील लेखनास शुभेच्छा. वाचनखूण साठवली आहे.

मधली ओळ
माझं मत जरा वेगळं आहे. कॉटनचं बॅटिंग आहे ना, मग एवढा घाट कशाला? कॉटन बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, सगळ्या गोधडीला सुरकुत्या येतात आणि त्या गर्दीत लाट हरवून जाते. अंथरायची गोधडी आहे, भिंतीवर टांगायची नाही. पलंगावरून कडा खाली लोंबतात, तिथे कोण टेप घेऊन येतंय? बॉर्डरवर दाट क्विल्टिंग करा, धुवा, वापरा.

सूतभर
मधली ओळ, आटेल हे खरं, पण बॉर्डर आटेल तसा मधला भाग पण आटेल. दोन्ही सारख्या प्रमाणात आटले तर फरक तसाच राहतो ना. सुरकुत्यांत लपतो एवढंच, आणि तेही फरक थोडा असेल तर. इंच-दीड इंच नाही लपत.
दाट क्विल्टिंगबद्दल मात्र तुझ्याशी अर्धी सहमत, पण आकडे येऊ देत.

मधली ओळ
लपलं म्हणजे गेलंच की. तुम्ही लोक प्रदर्शनाला बसल्यासारखे बोलता.

कात्रीवाली
प्रदर्शनाचं राहू दे, एवढ्या जादा कापडावर मशीन चालवशील तेव्हा फूटच्या पुढे कापडाचा डोंगर गोळा होतो आणि शेवटी चुणी शिवली जाते. बॅटिंगमधून शिवलेली चुणी उसवणं हे बॉर्डर उसवण्यापेक्षा दसपट वाईट.

निळी रीळ
आकडे आणलेत. सगळं इंचांत.
आडवं: मधोमध 61. वरची कड पावणेत्रेसष्ट. खालची कड साडेबासष्ट आणि वर एखादं सूत (इंचाचा आठवा भाग).
उभं: मधोमध पावणेचौऱ्याहत्तर. डावीकडे साडेचौऱ्याहत्तर, उजवीकडे पण साडेचौऱ्याहत्तरच.
त्रिकोण आणि बॉर्डर यांच्या शिवणीवर वर मोजलं तर पावणेबावन्न येतंय, आणि मधोमध त्याच दोन शिवणींमधलं अंतर बरोबर 50.

सूतभर
हे बघा! शिवणीवरच पावणेदोन इंच जास्त आहे आणि बाहेरच्या कडेवर पण पावणेदोनच. म्हणजे बॉर्डर स्वतःहून एक दोराही लांब झालेली नाही. जादा लांबी त्रिकोणांच्या कडेतच आहे, बॉर्डर बिचारी तिच्याबरोबर फरफटत गेलीये.

गणितकाका
सूतभर यांच्याशी सहमत, आणि यातून आणखी एक गोष्ट निघते. नऊ इंची ठोकळा टोकावर उभा केला की त्याची रुंदी म्हणजे कर्ण, 9 गुणिले 1.414, साधारण 12.73 इंच. आडवे चार म्हणजे 50.9. उभे पाच म्हणजे 63.6. त्यात दोन्हीकडची बॉर्डर मिळून 11 इंच मिळवा. कागदावर ही गोधडी 61.9 बाय 74.6 असायला हवी.
आता डावी-उजवी बाजू बघा, साडेचौऱ्याहत्तर. म्हणजे जवळजवळ कागदावरचीच. पण मधोमध पावणेचौऱ्याहत्तर, पाऊण इंच कमी. का? कारण मधे दाट क्विल्टिंग झालंय आणि क्विल्टिंग कापड आत ओढून घेतं. कडेला अजून झालेलं नाही. म्हणजे बाजूंचा जो थोडा झोल आहे तो निव्वळ क्विल्टिंगच्या फरकाचा आहे, तिथे शिवणकामात काहीच बिघडलेलं नाही.
वरची कड मात्र कागदावर 61.9 असायला हवी ती पावणेत्रेसष्ट आहे. मधोमध 61, म्हणजे क्विल्टिंगने 0.9 ओढलं. आणि कड 0.85 ने लांबलीये. पावणेदोन इंचातला अर्धा हिस्सा क्विल्टिंगचा आणि अर्धा कशाचा तरी. तो कशाचा हे मला सांगता येणार नाही, मी शिवत नाही, आमच्याकडे शिवणारे माणूस वेगळे आहे.

टाचणी
मला सांगता येईल बहुतेक. निळी रीळ, वरचे-खालचे त्रिकोण आणि बाजूचे त्रिकोण सारख्याच पद्धतीने कापलेस का? नीट आठवून सांग. मोठ्या चौकोनाचे चार की लहान चौकोनाचे दोन?

निळी रीळ
टाचणी, तू अंतर्ज्ञानी आहेस का?? बाजूचे आठ त्रिकोण 14 इंची चौकोन दोन्ही कर्णांवर कापून केले, एकातून चार. वर-खाली मिळून सहा लागत होते पण तेवढं मोठं कापड शिल्लक नव्हतं, लहान तुकडे होते, म्हणून 9 पूर्णांक 7/8 इंचाचे चौकोन कापून त्यांचे दोन-दोन केले. आकार अगदी तोच येतो, एकावर एक ठेवून बघितले होते.

टाचणी
आकार तोच, धागा वेगळा. मोठ्या चौकोनाचे चार केले की त्रिकोणाची लांब बाजू ही मूळ चौकोनाची कड असते, म्हणजे सरळ धाग्यावर. लहान चौकोनाचे दोन केले की लांब बाजू म्हणजे त्याचा कर्ण, म्हणजे पूर्ण उरेब, तिरक्या धाग्यावर. आणि हीच लांब बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते. पंचेचाळीस अंशातलं कापड सगळ्यात जास्त ताणलं जातं, उभा धागा सगळ्यात कमी, आडवा त्याच्यापेक्षा किंचित जास्त. तुझ्या वरच्या-खालच्या दोन्ही कडा उघड्या उरेब होत्या, हाताळताना, इस्त्री करताना, जमिनीवरून उचलताना लांबत गेल्या, मग तू त्यांचं माप घेतलंस.
कोपऱ्यांचं बरोबर उलटं असतं. तिथे लहान चौकोनाचे दोनच करायचे, कारण कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू बाहेर येतात, त्या सरळ धाग्यावर हव्यात. नऊ इंची ठोकळ्याला सव्वासात इंची चौकोन.

इस्त्रीवाला
उचल. ठेव.

झोलाछाप
हाहाहा, दादा आज जिंकले.

निळी रीळ
कळलं. मग आता? त्रिकोण बदलायचे म्हणजे सगळंच उचकटावं लागेल, ते तर शेजारच्या ठोकळ्यांत अडकलेत आणि ठोकळ्यांचं क्विल्टिंग झालंय.

सूतभर
त्रिकोणांना हात लावायचा नाही. उरेब कापडाचा फायदा असा की ते जसं लांबतं तसं आवळून पण घेता येतं, सरळ धाग्यापेक्षा खूप सोपं. तुझं नशीब की त्रिकोण आणि बॉर्डरवर अजून क्विल्टिंग नाही. मी असं करेन:
वरच्या बाजूच्या पिना काढून वरचा थर बॅटिंगवरून सोडवायचा, बॅटिंग आणि अस्तर मागे दुमडून टाचून ठेवायचं, म्हणजे मधे येत नाही. बॉर्डरची फक्त ती एक शिवण उसवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्रिकोणांच्या कडेपासून एक सूत आत लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा, चांगला दणकट दोरा घेऊन, एक टोक गाठ मारून आणि एक मोकळं. सगळी कड एका दोऱ्यात नको, मध्यापासून दोन तुकड्यांत कर, तुटला तर अर्धंच परत करावं लागतं. दोरा ओढून कड मापावर आणायची आणि झोल बोटांनी सारखा वाटायचा, फक्त उरेब भागात, बाजूच्या बॉर्डरच्या तुकड्यांत नाही. चुण्या दिसता कामा नयेत, नुसती किंचित फुगीर वाटली पाहिजे. वरून वाफ, इस्त्री न टेकवता. मग बॉर्डरची पट्टी मापाला कातरून मध्य, टोकं, चौथाई जुळवून दर दोन बोटांवर टाचणी.
हे दोन्ही कडांना.

मशीनमास्तर
आणि शिवताना यावेळी बॉर्डर वर, त्रिकोण खाली दात्यांकडे. आता जिरवायचं कापड त्रिकोणांचं आहे. म्हणजे गेल्या वेळीही बॉर्डर वर होती ते बरोबरच होतं, पण तेव्हा जिरवायला काही ठेवलंच नव्हतं, दोन्ही सारख्या लांबीची होती.

धावदोरा
म्हटलं होतं ना गप्प बसणार नाही. मागे बॅटिंग-अस्तराचा गठ्ठा दुमडून मशीनखाली घालण्यापेक्षा ही एक शिवण हाताने घाल. उलट टाका घालायचा, नुसता धावदोरा नको, बॉर्डरचं वजन पेलायला हवं. बासष्ट इंच म्हणजे काही फार नाही. आणि हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला किती कापड आत घ्यायचं ते आपल्या बोटाला कळतं.

गणितकाका
माप किती धरायचं हा प्रश्न राहिला. मधोमध 61 आहे म्हणून कडही 61 ला आणायची की कागदावरच्या 61.9 ला?

मधली ओळ
61 ला. तुमचंच म्हणणं ना, पोटातून माप घ्या, तेच माप पट्टीला द्या?

सूतभर
नाही, इथे 62 धरायचं. पोटातून माप घ्या हा नियम क्विल्टिंगच्या आधीचा आहे. इथे मधला भाग क्विल्टिंगने आधीच आटलाय आणि कड आटायची बाकी आहे. आत्ता 61 ला आवळली आणि मग त्यावर मधल्याइतकं दाट क्विल्टिंग केलं तर ती आणखी ओढली जाऊन 60 वर जाईल आणि गोधडीचं पोट फुगेल, काकांची टोपी होईल. 62 ला आणायची, बाकी क्विल्टिंग करेल. बाजू साडेचौऱ्याहत्तरच आहेत, तिथे काही उसवायचं नाही, तिथेही तेच होणार. मधली ओळ, दाट क्विल्टिंगने अर्धी लाट जाते हे तुझं म्हणणं इथे तंतोतंत खरं ठरतंय, अर्धीच म्हणून अर्धी सहमत म्हटलं होतं.

मधली ओळ
चला, अर्धा इंच तरी मिळाला.

गणितकाका
0.9 इंच. :)

कात्रीवाली
क्विल्टिंगची दाटी सगळीकडे सारखी हवी हे मात्र सगळे जण कुठेतरी लिहून ठेवा. मध्ये बोटभर अंतरावर रेषा आणि बॉर्डरवर तळहाताएवढे मोकळे कप्पे, असं केलं की मापं कितीही बरोबर असली तरी कड उठणार. मधलं दाट भरून झाल्यावर बॉर्डरचा कंटाळा येतो आणि लोक तिथे एक नागमोडी रेघ मारून मोकळे होतात. लोक म्हणजे कोण ते विचारू नका.

वाचनखूण
माझी एक शंका, धाग्याशी संबंधित आहे. माझी गोधडी पूर्ण झालीये, बाइंडिंगसकट, आणि एक बाजू लाटांची आहे. साधारण अर्धा-पाऊण इंच जास्त असेल. आता काही करता येतं का की वापरायला काढू?

टाचणी
वापरायच्या आधी ओली करून ताणून बसवून बघ. पूर्ण भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, सतरंजीवर किंवा फोमच्या शीटवर पसरायची, टेप लावून चारही बाजू मापाला आणायच्या. जिथे जास्त आहे तिथे हाताने आत सारायचं, दर दोन-तीन इंचांवर गंज न लागणारी टाचणी, दोन्ही कर्ण सारखे आहेत ना ते मोजायचं, आणि तशीच पूर्ण वाळू द्यायची. पंखा चालतो. अर्धा-पाऊण इंच यात बसतो. फक्त परत धुतली की परत करावं लागतं.
भिजवायच्या आधी रंग जातो का बघ, गडद लाल, गडद निळं असेल तर कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून. जुनी किंवा रेशमी तुकड्यांची असेल तर भिजवूच नको. आणि बॅटिंग पॉलिएस्टरचं असेल तर आटण्याची आशा ठेवू नको, गरम इस्त्रीही नको, ते वितळून कडक होतं.

वाचनखूण
धन्यवाद टाचणी. बॅटिंग कशाचं आहे तेच आठवत नाही, भेट आलेलं होतं. टाचण्यांनीच बघते.

इस्त्रीवाला
जाता जाता, पुढच्या वेळी उघडी उरेब कड राहणार असेल तर ठोकळे जोडून झाल्या झाल्या कडेपासून सूतभर आत चारही बाजूंनी मशीनची एक साधी शिलाई मारून ठेवा. बॉर्डर लागेपर्यंत ती कडेला धरून ठेवते, नंतर शिवणीच्या आत लपते. पियानोसारख्या बारीक बारीक पट्ट्यांची बॉर्डर करणाऱ्यांनी तर नक्कीच, तिथे दर इंचाला जोड असतो आणि प्रत्येक जोड थोडा सैल होत जातो.

ठिगळ
दादा इस्त्री सोडून बोलले! धागा बंद करा आता.

निळी रीळ
अपडेट देते. वरची बाजू झाली. उसवायला वाटलं होतं त्यापेक्षा खूप कमी वेळ लागला, दर तिसरा-चौथा टाका एका बाजूने कापत गेले आणि मग उलट बाजूने दोरा ओढला, सरसर निघाला. धावदोरा ओढून कड बासष्टला आणली, त्रिकोणांवर आधी चुण्या वाटत होत्या पण वाफ दिल्यावर बसल्या. शिवण धावदोराताईंचं ऐकून हातानेच घातली. पट्टीतून पाऊण इंच कापून काढावा लागला, तो तुकडा मशीनच्या बाजूला ठेवलाय. पसरली तर आता वरची बाजू डाव्या-उजव्या बाजूंइतकीच उठते, त्याहून जास्त नाही.
कोपऱ्यात बाजूच्या बॉर्डरची शिवण दोन्हीकडे एकेक सूत आत सरकलीये, ती मला दिसते, दुसऱ्या कोणाला दिसेल असं वाटत नाही. राहू देतेय.
खालची बाजू उसवून ठेवलीये. एक शेवटचं विचारते: त्रिकोणांवर क्विल्टिंगसाठी निळ्या पेनाने रेषा आखल्या होत्या, पाण्याने जाणारं पेन आहे. खाली वाफ द्यायची तर त्या रेषांचं काय?

कात्रीवाली
सांगितलं होतं ना उसव म्हणून. छान झालंय.

टाचणी
थांब! वाफ अजिबात देऊ नको. ती निळी शाई गरम झाली की पक्की होते, मग जात नाही. आधी साध्या गार पाण्याने रेषा पूर्ण घालव, साबण नको, वाळू दे, मग वाफ, आणि रेषा परत आख. वरच्या बाजूला पण आखल्या होत्यास का?

निळी रीळ
नाही, वर अजून आखायच्या होत्या. हुश्श. खालच्या आत्ता पाण्याने पुसतेय.

टाचणी
पुसू नको, भिजव. नुसतं पुसलं की शाई बॅटिंगमध्ये उतरते आणि वाळल्यावर परत वर येते. बॅटिंग मागे दुमडलंयस ना, मग खाली टॉवेल घाल आणि भरपूर पाणी मार.